घरी खणखणीत, लॉन्सवर गुळमुळीत: कॉम्प्रेसर पेडलचं सारखं उलटणारं दुखणं

कॉम्प्रेसर म्हणजे मोठे सूर दाबून सगळे सूर साधारण सारख्या आवाजात आणणारं, बेस किंवा गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायचं पायाखालचं पेडल. दर लग्नसराईत त्याची तक्रार तीच, फोन करणारा तेवढा वेगळा. “काका, घरी सेटिंग एकदम मस्त बसलं होतं. स्टेजवर गेलो आणि बेस कुठे गेला कळलंच नाही. पेडल खराब झालं असेल का?” पेडल आणून देतात. मी खालची प्लेट उघडतो, जॅक हलवून बघतो, नॉब फिरवून खरखर येते का ऐकतो. बहुतेक वेळा आत काहीच निघत नाही. सेटिंग पुन्हा बसवून देतो, पोरगा खूश होऊन जातो आणि पुढच्या तारखेनंतर परत फोन.

हे दुखणं मलाही दोन सीझन छळून गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी आठवडाभर नाशिकच्या सातपूरला कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो आणि तारीख असेल तेव्हा ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. भाचा आमच्यातच गिटारला आहे. पुढचं बरंचसं बेसच्या अंगाने लिहिलंय. गिटारवाल्यांचं जिथे वेगळं पडतं तिथे वेगळं सांगतो.

गेल्या डिसेंबरात औरंगाबाद नाक्याच्या पुढे एका लॉन्सवर आमचा कार्यक्रम होता. आदल्या रात्री सिडकोतल्या रिहर्सलच्या खोलीत मी कॉम्प्रेसर असा लावला होता की एकेक सूर मोजून ठेवल्यासारखा सारखा पडत होता. दुसऱ्या दिवशी पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा वरात अजून गेटवरच होती, आणि नाशिक ढोल म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. मला माझाच बेस ऐकू येईना. बोटं जोरात मारायला लागलो. तरी येईना. आणखी जोर लावला. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मधल्या बोटाचं कातडं सोलवटलं, आवाज होता तिथेच. तेवढ्यात भाचा वाजवता वाजवता माझ्या कानाशी आला आणि ओरडला, “मामा, तुमचा लाल दिवा विझतच नाहीये!”

माझ्या पेडलवर आवाज दाबला जातोय हे दाखवणारा दिवा आहे. खोलीत तो प्रत्येक सुराला लुकलुकत होता. इथे गाणंभर नुसता लागून राहिला होता. निदान तिथल्या तिथे झालं. उपचार सापडायला मात्र दोन महिने गेले.

दिवा विझत नाही म्हणजे काय होतंय

गोदेला पूर आला की पाणी किती फूट चढलं हे आपण विचारत नाही, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं हे विचारतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला. कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड म्हणजे त्या मारुतीच्या अंगावर आपण मारलेली एक रेघ. पाणी रेघेखाली असेपर्यंत पेडल काही करत नाही. रेघ ओलांडली की वरच्या पाण्याला रेशो लागू होतो. ४:१ म्हणजे रेघेवर चार फूट चढू पाहणाऱ्या पाण्याला एकच फूट चढू द्यायचं.

रेघ पेडलवर असते, पण पाणी येतं तुमच्या बोटांतून. घरी पंख्याच्या आवाजात, आई ओरडेल म्हणून जपून वाजवलेलं पाणी वेगळं आणि ढोलासमोर वाजवलेलं वेगळं.

आकड्यांत बघू. समजा थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलवर आहे आणि रेशो ४:१. घरी तुमचे सूर उणे १२ पर्यंत जातात. म्हणजे रेघेच्या वर ८ डेसिबल. पेडल त्यातले २ ठेवतं आणि ६ दाबतं. छान, गोल, गच्च आवाज. आता स्टेजवर तुम्ही जोर लावलात आणि सूर उणे ४ पर्यंत गेले. रेघेच्या वर १६. पेडल ४ ठेवतं, १२ दाबतं. बोटांनी ८ डेसिबल जास्त दिले, आणि ८ डेसिबल म्हणजे थोडंथोडकं नाही, कानाला जवळजवळ दुप्पट वाटावं इतकं. बाहेर पडले फक्त २. रेशो ८:१ असता तर एकच डेसिबल बाहेर आला असता.

मग वाजवणारा काय करतो? आणखी जोर लावतो. पेडल आणखी दाबतं. जितकं झोडपावं तितकं गप्प. गंमत अशी की हे सगळं पेडल अगदी इमानदारीने, सांगितलेलं काम म्हणूनच करत असतं.

लॉन्सवर यात अजून एक भर पडते. खोलीत भिंती खालच्या सुरांना उचलून धरतात. कालिदास कलामंदिरासारख्या बंद नाट्यगृहातही बेस अंगावर येतो. उघड्या लॉन्सवर भिंती नाहीत, त्यामुळे बेस पातळ वाटतो. मग आपला हात कुठे जातो? बेस गिटारवरच्या बास नॉबकडे. ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर तो नॉब थेट पेडलच्या आधी बसलेला आहे. तुम्ही तिथे ६ डेसिबल बास वाढवला की खालचे सूर ६ डेसिबलने रेघेच्या आणखी वर जातात आणि पेडल आणखी घट्ट पकडतं. मी नेमकं हेच केलं होतं. ढोल, जोर आणि बास नॉब, तिन्ही एकदम. बास वाढवायचाच असेल तर ॲम्पवर किंवा मिक्सरवर वाढवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या नंतर.

नॉबला हात लावण्याआधी

पेडल चालू आणि बंद करून बघा. दोन्ही वेळचा आवाज कानाला सारखा मोठा लागला पाहिजे. पेडलवर त्यासाठी लेव्हल, आउटपुट, व्हॉल्यूम किंवा मेकअप गेन असं काहीतरी लिहिलेलं असतं. या एका गोष्टीला जितका वेळ द्याल तितका कमी. चालू केल्यावर आवाज जरा मोठा झाला तर कान म्हणतात “वा, भारी”, जरा लहान झाला तर म्हणतात “दबलं, मेलं”. दोन्ही वेळा कॉम्प्रेशनबद्दल कान काहीच बोललेले नसतात, फक्त आवाजाबद्दल बोलत असतात. माझ्याकडे “पेडल आवाज खातं” म्हणून आलेल्यांपैकी कितीतरी जणांचा प्रश्न लेव्हलचा नॉब जरा उजवीकडे नेल्यावर सुटलाय. मी त्यांच्याकडून चहाच घेतो.

दुसरं, उभं राहून वाजवा. पलंगावर मांडी घालून लावलेलं सेटिंग पलंगापुरतंच असतं. आता आमच्या खोलीत कॉम्प्रेसर लावायचा असेल तर मी भाच्याला ब्लूटूथ स्पीकरवर ढोलाचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावायला सांगतो आणि त्यावर वाजवतो. शेजारच्या काकूंना आवडत नाही. पण बोटं स्टेजवरच्यासारखी पडतात.

नॉबवर लिहिलेलं जसंच्या तसं खरं मानू नका

निम्मा घोळ इथे आहे. प्रत्येक कंपनीने त्याच कामाला वेगळं नाव दिलंय, आणि कधी कधी त्याच नावाला उलटी दिशा.

जुन्या एमएक्सआर डायना कॉम्पवर दोनच नॉब: आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. थ्रेशोल्ड नावाचं काही नाहीच. सेन्सिटिव्हिटी वाढवली की पेडल हळू सुरांनाही पकडायला लागतं, म्हणजे रेघ खाली सरकल्यासारखंच. बॉस सीएस-३ वर चार: लेव्हल, टोन, ॲटॅक आणि सस्टेन. यातला सस्टेन म्हणजे तेच काम, वेगळ्या कपड्यांत. नवीन पोरं सस्टेन हा शब्द वाचतात आणि नॉब पूर्ण उजवीकडे ठेवतात, कारण सूर लांबावा असं कुणाला वाटत नाही? पण तार जितकी वाजायची तितकीच वाजते. पेडल सुरुवातीचा उसळता भाग दाबतं आणि मागून मरत चाललेली शेपटी वर उचलतं, म्हणून सूर लांबल्यासारखा वाटतो. त्या शेपटीबरोबर पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाची) सळसळही वर येते. सस्टेन पूर्ण उजवीकडे म्हणजे मारुतीच्या घोट्याशी रेघ. साधा पाऊस पडला तरी पूर.

आता ॲटॅक. ॲटॅक म्हणजे रेघ ओलांडल्यावर पेडलची पकड पूर्ण बसायला लागणारा वेळ. ‘तेवढा वेळ पेडल थांबतं आणि मग दाबतं’ असं अनेक जण समजतात, तसं नाही. दाबायला लगेच सुरुवात होते, पकड पूर्ण व्हायला तेवढा वेळ जातो. ॲटॅक जलद असेल तर बोटाचा किंवा पिकचा पहिला ‘ठक’ कापला जातो. सावकाश असेल तर ‘ठक’ निसटतो आणि मागचा भाग दाबला जातो. आणि बँडच्या गदारोळात बेस ओळखू येतो तो त्या ‘ठक’वरूनच. तो गेला की ढोलाच्या घुमाऱ्यात तुमचा सूर मिसळून जातो.

गंमत दिशेची. स्टुडिओतल्या प्रसिद्ध ११७६ कॉम्प्रेसरवर, जो १९६७ साली आला, ॲटॅक आणि रिलीज दोन्ही नॉब उजवीकडे नेले की जलद होतात. सीएस-३ वर ॲटॅक उजवीकडे नेला की पिकचा ठसका वाढतो, म्हणजे उलटंच. इंटरनेटवर कुणीतरी ‘ॲटॅक तीन वाजता ठेवा’ (म्हणजे नॉबची खूण घड्याळातल्या तीनच्या जागी) असं सांगतं आणि ते कुठल्या डब्याबद्दल बोलतंय हे न बघता आपण आपल्या डब्यावर तीन वाजवतो. ११७६ च्या नकलेची सेटिंगं पेडलवर उतरवायला जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवावं: मूळ यंत्राचा सगळ्यात सावकाश ॲटॅक ८०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे एक मिलिसेकंदही नाही. शिवाय त्यावर थ्रेशोल्डचा नॉबच नाही. इनपुट वाढवून पाणी रेघेपर्यंत चढवायचं, अशी रचना.

आपल्या पेडलचा नॉब कुठल्या दिशेचा हे ठरवायला कागदपत्र लागत नाहीत. रेशो आणि सस्टेन वाढवून ठेवा, म्यूट केलेल्या तारेवर पिक मारा आणि ॲटॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ज्या टोकाला ‘टक’चं ‘थप’ होतं ते जलद टोक. डॉक्टर टेपचा तुकडा चिकटवून तिथे पेनाने ‘ज’ लिहा. माझ्या पेडलवर अजून आहे.

मुद्दाम बिघडवून लावायची पद्धत

नॉब मध्यावर ठेवून इकडेतिकडे करत बसलं की कानाला फरक कळत नाही. म्हणून आधी पेडल पूर्ण बिघडवतो. रेशो सगळ्यात जास्त. थ्रेशोल्ड इतका खाली, किंवा सस्टेन इतका वर, की आवाज गुदमरला पाहिजे. ॲटॅक जलद टोकाला, रिलीजही जलद. भयानक आवाज येतो. येऊ दे.

मग ॲटॅक हळूहळू सावकाश करत जा. एका जागी बोटाचा ‘ठक’ परत येतो. थोडा पुढे जाऊन थांबा. मिलिसेकंदांचे आकडे दिसणारं पेडल किंवा मल्टी-इफेक्ट असेल तर बेसला मी २० ते ३० पासून सुरुवात करतो. त्याला कारण आहे. बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे तिची एक लहर २४ मिलिसेकंदांची. पाच तारांच्या बेसची बी तार ३१ हर्ट्झच्या जवळ, तिची लहर ३२ मिलिसेकंदांची. ॲटॅक आणि रिलीज दोन्ही याहून बरेच जलद असले तर पेडल सुराच्या मागे जाण्याऐवजी त्या एकेका लहरीच्या मागे धावतं, दर लहरीला पकडतं-सोडतं, आणि आवाजात घरघर मिसळते. “खालच्या सुरांना स्पीकर फाटल्यासारखा वाजतो, वरच्यांना नाही” ही तक्रार आली की स्पीकर बदलायच्या आधी रिलीज सावकाश करून बघा. गिटारची जाड ई ८२ हर्ट्झची, लहर १२ मिलिसेकंदांची, म्हणून गिटारला जलद सेटिंग चालून जातं आणि तेच बेसला फाडतं. भाच्याचं पेडल उसनं घेऊन मी हे शिकलो.

आता रिलीज. माझा त्या दिवशीचा विझत नसलेला दिवा खरा इथला रोगी होता. रिलीज म्हणजे सूर रेघेखाली आल्यावर पकड सुटायला लागणारा वेळ. माझा जवळजवळ एक सेकंदावर होता. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत. त्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, अर्धा ठोका २५०. मी अर्ध्या अर्ध्या ठोक्याला सूर वाजवत होतो. पहिल्या सुरावर बसलेली पकड सुटायच्या आत दुसरा सूर, ती सुटायच्या आत तिसरा. म्हणजे पहिल्या सुरानंतर कॉम्प्रेसर कॉम्प्रेसर राहिलाच नाही, आवाज कमी करून ठेवलेला एक नॉब झाला. रिहर्सलला आम्ही संथ गाणं बसवत होतो, तिथे सुरांच्या मध्ये जागा होती, म्हणून दिवा लुकलुकत होता. लॉन्सवर पहिलंच गाणं नाचाचं.

त्यामुळे रिलीज लावताना रात्रीतलं सगळ्यात जलद गाणं वाजवा. दिवा असेल तर पुढच्या सुराआधी तो विझला, निदान मंदावला पाहिजे. दिवा नसेल तर कान लावा: चार सारखे सूर वाजवले आणि पहिलाच मोठा, बाकीचे तीन बसके आले, तर रिलीज लांब आहे. उलट, सूर संपता संपता मागून काहीतरी फुगून वर येतंय, श्वास घेतल्यासारखं, असं वाटलं तर रिलीज फार आखूड किंवा दाब फार. जलद गाण्यांना मी रिलीज १५० मिलिसेकंदांच्या जवळपास ठेवतो. संथ गाण्यांत त्याने बिघडत नाही.

सगळ्यात शेवटी रेशो खाली आणा, आणि मग रेघ वर सरकवा. बोटाने वाजवणाऱ्या बेसला मला ३:१ ते ४:१ पुरतो. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवणाऱ्याला जास्त लागेल. गिटारवर स्वच्छ आवाजातल्या आर्पेजिओला (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवण्याला) २:१ सुद्धा खूप होतो. १०:१ च्या पुढे गेलात की तो लिमिटर समजा. तो ॲम्प आणि स्पीकर वाचवायला ठीक, वाजवायचा आनंद त्यात फारसा नाही, असं माझं मत. स्टेजच्या जोरात वाजवल्यावर मोठ्या सुरांना ३ ते ६ डेसिबल दाब दिसला आणि हळू सुरांना दिवा लागलाच नाही, तर रेघ बरोबर जागी आहे. मग लेव्हल परत जुळवा, कारण एव्हाना ती हललेली असते.

खाली हात गेला की वरचे सूर गायब

हे वेगळं दुखणं आहे आणि फक्त बेसवाल्यांचं. मोकळी ई वाजवून लगेच वरच्या डी-जी तारांवर भरणा (फिल) घेतला की भरण्याचे पहिले दोन सूर येतच नाहीत. खालच्या सुरात ताकद जास्त, पेडल त्याला जोरात पकडतं, आणि पकड सुटायच्या आत वरचे सूर त्याच दाबाखाली सापडतात. काही बेस कॉम्प्रेसरवर साइडचेनचा फिल्टर असतो. तो लावला की दाबायचं की नाही हे ठरवताना पेडल खालचा भाग कमी ऐकतं, तुमच्या आवाजातून मात्र खालचा भाग जात नाही. तो नसेल आणि ब्लेंड किंवा ड्राय नॉब असेल तर मूळ आवाज निम्मा मिसळा. बोटाचा ठसा मूळ आवाजातून येतो, भरीवपणा दाबलेल्यातून. मला विचाराल तर बेसला ब्लेंड नसलेलं पेडल नव्याने घेऊच नये. असलेलं फेकू नका.

गाणं थांबलं की घूं

सूर चालू असताना काही नाही, थांबला की हळूहळू घूं वर येतं. कॉम्प्रेसरने घूं तयार केलेलं नाही. ते आधीपासून आहे. मेकअप गेन ९ डेसिबल दिला असेल तर तेही ९ डेसिबलने मोठं झालंय. सुराखाली झाकलं जातं आणि पकड सुटली की उघडं पडतं. घूं सूर संपल्यावर चढत येत असेल तर कॉम्प्रेसरचा दाब आणि लेव्हल कमी करा. पेडल बंद असतानाही तेवढंच येत असेल तर ते दुसरीकडून येतंय.

लॉन्सवर दुसरीकडे म्हणजे बहुधा जनरेटर, लाइटिंग आणि अर्थिंग. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घूं ५० आणि १०० हर्ट्झला. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार घेऊन लाइटच्या डिमर रॅकजवळ उभं राहिलात तर ते ऐकू येणारच. चार पावलं सरका, अंग थोडं फिरवा, फरक पडतो. सगळे पेडल एकाच अडॅप्टरच्या माळेवर असतील आणि त्यात एखादा डिजिटल डिले असेल तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. कॉम्प्रेसरला वेगळा अडॅप्टर किंवा नऊ व्होल्टची बॅटरी लावून बघा. मिक्सरकडे डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) जात असाल तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. पण ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही. घूं गेलं म्हणून लोक खूश होतात, आणि त्या गिटारला हात लावून माइकला ओठ लावणारा गायक तिथे शॉक खायला उभा असतो. मी पॅनलवाला आहे, या बाबतीत माझ्याशी वाद घालू नका.

नॉइज गेट (सूर थांबला की आवाज बंद करणारं पेडल) असेल तर तो कॉम्प्रेसरच्या आधी लावा. नंतर लावला तर सूर आणि सळसळ यांच्यातलं अंतर आधीच कमी झालेलं असतं आणि गेट शेपट्या तोडत बसतो.

सगळं बरोबर, तरी दबलेलंच

मग साउंडवाल्याला विचारा. अगदी साधेपणाने: “दादा, बेसच्या चॅनलवर कॉम्प्रेसर टाकलाय का?” आता लहान लहान साउंडवाल्यांकडेही डिजिटल मिक्सर असतो आणि त्यातल्या प्रत्येक चॅनलला कॉम्प्रेसर असतो. गेल्या कार्यक्रमाचा सीन (साठवलेली सगळी सेटिंगं) तसाच लोड केलेला असला तर तो चालूही असतो. तुमचा ४:१, त्याचा ४:१, आणि सूर दोन्ही रेघांच्या वर असेल तर एकूण १६:१. दोघांनी आपापल्या जागी काही चुकीचं केलेलं नसतं. दोघांपैकी एकाने बंद करावा. तो बाहेरून ऐकतोय, म्हणून मी माझाच बंद करायला तयार असतो. पण मॉनिटरमध्ये मला मोकळा आवाज दे, एवढं मागून घेतो.

गिटारवाल्यांसाठी दोन-तीन गोष्टी, पटकन. कॉम्प्रेसर ओव्हरड्राइव्हच्या (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या) आधी ठेवा. नंतर ठेवला तर ओव्हरड्राइव्हची सगळी सळसळ उचलून देतो. ओव्हरड्राइव्ह स्वतःच आवाज दाबतो, त्यामुळे जास्त गेनच्या आवाजावर कॉम्प्रेसर चालू ठेवून काही मिळत नाही. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला तरी आवाज साफ होत नाही, ही तक्रारही कॉम्प्रेसरचीच: तुम्ही पाणी कमी केलं तरी ते अजून रेघेच्या वरच आहे, म्हणून ओव्हरड्राइव्हपर्यंत जवळजवळ तेवढंच पोचतंय. सिंगल कॉइलवर लावलेलं सेटिंग हंबकरच्या (दोन वेटोळ्यांच्या, जास्त जोराच्या पिकअपच्या) गिटारला जास्त दाबेल. भाचा रात्रीतून दोनदा गिटार बदलतो, म्हणून त्याच्या मल्टी-इफेक्टमध्ये आता एकाच आवाजाचे दोन पॅच आहेत, थ्रेशोल्ड तेवढा वेगळा. जुन्या पद्धतीचा जर्मेनियम फझ असेल तर तो सगळ्यांच्या आधी, अगदी कॉम्प्रेसरच्याही. त्याला थेट गिटारच लागते.

आणि खरंच पेडल बिघडलेलं असू शकतंच. पेडल बाजूला काढून बेस किंवा गिटार सरळ कॉर्डने ॲम्पला जोडा. तरीही आवाज फाटत असेल तर ॲक्टिव्ह बेसची बॅटरी बघा, ती उतरत आली की आवाज फाटतो आणि आळ कॉम्प्रेसरवर येतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर पावसाळ्यातली ओल आणि धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून नॉब वीसेक वेळा फिरवा. जॅक हलवल्यावर आवाज येतो-जातो तर सोल्डर सुटलंय. आणि काहीच न वाजवता, कॉर्ड काढलेली असताना, दाबाचा दिवा लागलेलाच राहत असेल, तर मग पेडल घेऊन या. फक्त नॉब जसे आहेत तसेच ठेवून आणा, येताना फिरवू नका. आणि लग्नाची तारीख असेल त्या दिवशी नको.